जुळ्यांतला थोरला

गोळपचे भार्गव आणि वामन जुळे भाऊ, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, बायका गेल्यापासून दोघेच घरात. भार्गव कलप लावून, कवळी घालून असा टवटवीत, की एसटीत लोक वामनला त्याचा बाप समजून उठून जागा देत.

सुट्टीला आलेल्या ओवीने, भार्गवच्या नातीने, दोघांना फोनमधून वाचून दाखवलं की जुळ्यांत जो जास्त म्हातारा दिसतो, तो बहुधा आधी जातो.

"म्हणजे आजोबा, तुम्ही निर्धास्त."

निर्धास्त कसला, त्या दिवसापासून भार्गवचं बूड एका जागी टेकेना. उगाच आंब्याच्या कलमांत जाई, तसाच परत येई. वामन नुसता खोकला तरी याचा घास हातातच राही. चौथ्या दिवशी पहाटेच्या गाडीने तो रत्नागिरीत उतरला आणि सलूनच्या खुर्चीत बसून म्हणाला, "मुळापासून काप रे. काळा केस एक ठेवू नको." कवळी काढून त्याने खिशात टाकली. आरशात वामनइतकाच म्हातारा दिसला, तेव्हा त्याचा जीव थाऱ्यावर आला. आता गेलोच तर दोघे बरोबरीने जाऊ, असं म्हणत तो घरी परतला.

पडवीत वामन बसला होता. केस काळेभोर, मिशी काळीभोर, कानामागे कलपाचा ओला ओघळ. भावाचं बोडकं डोकं आणि बसलेली गालफडं तो बघतच राहिला.

"मेल्या, तू एकटा मागे राहू नयेस म्हणून जन्मात पहिल्यांदा कलप लावला, आणि तू माझ्याआधी निघालास होय?"