मिस्त्रींचा होकार

"खुणा जुळल्या ना हो?" गाडीच्या बॉनेटखाली डोकं घालून मंदाकिनीने विचारलं. शेजारी खुर्चीवर बसलेल्या भिकाजी मिस्त्रींनी, तिच्या नवऱ्याने, मान डोलावली.

सहा महिन्यांपूर्वी अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती. डोकं मात्र शाबूत आहे, असं ती सगळ्यांना ठासून सांगायची. त्यांना दवाखान्यात नेणाऱ्या गाडीचा वॉटर पंप गळायला लागला होता. तीस वर्षं गॅरेजात त्यांच्या हाताखाली काम केलेलं, म्हणून तिने तो घरीच बदलला आणि इंजिनाची चाकं खुणेला खूण जुळवून एकत्र फिरवणारा नवा टायमिंग बेल्ट चढवला. दर टप्प्याला त्यांना विचारूनच.

चावी लावण्याआधी तिने पान्याने इंजिन फिरवून पाहिलं. ते मध्येच अडकलं. वाकून बघते तर खालच्या दातेरी चाकाची खूण चांगली तीन दाते मागे.

"अहो, हे बरोबर आहे?"

त्यांनी मान डोलावली.

ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. घाबरत घाबरत तिने विचारलं, "मी तुमची बहीण ना?"

ते हसले आणि त्यांनी मान डोलावली.

या सहा महिन्यांत गॅरेज विकलं ते याच होकारावर. लेकीचं लग्न ठरवलं तेही.

मंदाकिनीने पाना घेऊन बेल्ट पुन्हा सोडवला. या वेळी तिने त्यांना काहीच विचारलं नाही.