जिंकलेली जमीन

"सही केलीस?" मेजर अँब्रोज पेटिग्रूने सुरी ताटात आपटली. "माझ्या सख्ख्या भावानं त्या ठरावावर सही केली?"

"केली," सायलस म्हणाला. "मेक्सिकोकडून घेतलेल्या मुलखात गुलामगिरी नको. लुईव्हिलात दोनशे जणांनी सह्या केल्यात, दादा."

मेजरचा गुलाम लेवी भाजलेल्या मांसाची परात घेऊन टेबलाशी उभा होता. आधी कुणापुढं धरावी, हे त्याला कळेना. मेक्सिकोच्या युद्धावरून मेजरसाहेबांना आणि त्यांच्या चाकरीला गेलेल्या लेवीला परतून दोन वर्षं होत आली होती, पण केंटकीतल्या या घरात लढाई आता कुठं पेटली होती. दर रविवारी जेवताना तोच मुलूख आणि तेच भांडण.

"ती जमीन आम्ही रक्त सांडून घेतली," मेजर म्हणाला. "मी माझी माणसं घेऊन जाणार, तिथं कापूस लावणार. मला अडवणारा तू कोण?"

"कायदा अडवेल. गोऱ्या कष्टकऱ्यानं तिथं जावं, स्वतःच्या हातानं नांगर धरावा. तुझे गुलाम तिथं फुकट राबायला लागले, तर त्या बिचाऱ्याला विचारतो कोण?"

"माझ्या घरी जेवतोस आणि माझंच ताट ओढतोस? ऊठ! पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस."

सायलस उठला. त्याचे कान लाल झाले होते. दारात तो वळला.

"ठीक आहे. मग जे माझं आहे ते घेऊन जातो. डॉर्कस कुठाय?"

लेवीच्या हातातली परात कलली. डॉर्कस त्याची बायको. थोरले मालक, म्हणजे या दोघा भावांचे वडील, वारले तेव्हा वाटणीत लेवी मेजरकडे आला आणि डॉर्कस सायलसकडे. सायलसला शहरात तिची गरज नव्हती, म्हणून ती इथंच स्वयंपाकघरात राहिली. भावाभावांत गोडी होती तोवर ही वाटणी कुणाला आठवलीही नव्हती.

डॉर्कस पिठाचे हात पुसत बाहेर आली.

"गाडीत बस," सायलस म्हणाला.

"आत्ता, मालक? चुलीवर रस्सा आहे."

"असू दे. बस म्हटलं ना!"

लेवी परात ओसरीच्या कठड्यावर ठेवून धावत पायऱ्या उतरला आणि त्यानं घोड्याचा लगाम धरला. आजवर असं त्यानं कधी केलं नव्हतं.

"धाकटे मालक, तुम्हीच म्हणालात ना, गुलामगिरी नको. मी तिथंच उभा होतो. ऐकलं मी."

सायलस खरोखरच गोंधळला. "अरे, ते तिथलं बोलत होतो मी. इथलं नाही."

"मग मला विकत घ्या. मलाही न्या."

"तुझा मालक आता मला अंगणातली मातीसुद्धा विकणार नाही. सोड लगाम."

लेवीनं वर पाहिलं. मेजर ओसरीवर येऊन उभा होता.

"मेजरसाहेब, तुम्ही तिला विकत घ्या. तुमच्यासाठी मी काय केलं नाही?"

"त्या माणसाशी माझा व्यवहार संपला," मेजर म्हणाला आणि आत गेला.

"लेवी, सोड," डॉर्कस हळूच म्हणाली. "घोडा बुजेल."

त्यानं लगाम सोडला. गाडी फाटकाबाहेर पडली, वळणावर दिसेनाशी झाली. उडालेल्या धुळीकडे बघताना त्याला मेक्सिको आठवलं.

तिथल्या साल्टिल्यो गावच्या बाजारात मक्याच्या भाकऱ्या विकणारी एक म्हातारी मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला म्हणाली होती, "आमच्याकडं कुणी कुणाचा गुलाम नसतो. राहा इथंच." मेजर तेव्हा तापानं फणफणला होता. लेवी चालू लागला असता, तर अडवणारं कुणी नव्हतं. पण त्यानं उत्तरेकडं बोट दाखवलं होतं आणि तिच्या भाषेतला त्याला येणारा एकच शब्द उच्चारला होता. बायको.

कठड्यावरची परात उचलून तो आत आला तेव्हा मेजर पुन्हा जेवायला बसला होता.

"बरं झालं, ब्याद गेली," मेजर घास चावत म्हणाला. "लेवी, तू तर माझ्याबरोबर होतास. त्या सायलसला काय कळतंय? तूच सांग, कशी होती ती जमीन? होती की नाही सोन्यासारखी?"

लेवीनं परात टेबलावर ठेवली.

"चांगली होती, मेजरसाहेब," तो म्हणाला. "मी परत यायला नको होतं."