दाखवायचा लॅपटॉप

इंटरनेट दुरुस्तीवाला जिना चढतोय हे कळताच अनुवादिकेने आपला रोजचा, विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारा लॅपटॉप उशीखाली सरकवला आणि कपाटातला जुना, विंडोजवाला काढून, धूळ पुसून टेबलावर मांडला. पूर्वी एकदा लिनक्स दिसताच कंपनीच्या माणसाने हात वर केले होते. "मॅडम, हे आमच्यात बसत नाही. दोष तुमच्याच मशीनमध्ये असणार." तेव्हापासून हत्तीसारखेच तिचेही दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. त्यातून आज संध्याकाळच्या आत पुस्तकाचं शेवटचं प्रकरण पाठवायचं होतं.

दुरुस्तीवाल्याने जुन्या लॅपटॉपवर तपासलं, मग जिन्यातली तुटलेली वायर जोडली. राउटरचा लाल दिवा हिरवा झाला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"आता तुमच्या खऱ्या लॅपटॉपवरही बघून घ्या, ताई," हत्यारं आवरत तो म्हणाला.

ती चपापली. "खऱ्या म्हणजे?"

"यावर इंटरनेटचं शेवटचं पान उघडलंय ते मीच, सात महिन्यांपूर्वी आलो होतो तेव्हा. मधे कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

ओशाळून तिने उशी उचलली. त्याने लिनक्सच्या पडद्याकडे नीट पाहिलं, फॉर्मवर 'विंडोज' लिहिलं आणि तिची सही घेतली.

"जुना मोडीत मात्र काढू नका," चपला घालताना तो म्हणाला. "कधी सोबत साहेब आले तर लागेल. माझ्याही घरी कपाटात असाच एक दाखवायचा ठेवलाय."