फियाटचा गिअर

गुरुराजशेठ गॅरेजमध्ये शिरले तेच ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडत. "भीमा म्हणून एक अडाणी ठेवला होता. गेल्या महिन्यात काढला, पण वडिलांच्या फियाटच्या गिअरची पार वाट लावून गेला. दोन्ही हातांनी ओढला तरी पडत नाही. रविवारी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात मला स्वतः चालवत न्यायचीय!"

सिद्धू मिस्त्रीला असली बोलणी ऐकायची सवय होती. तो गाडीखाली सरकला. स्टिअरिंगखालून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांमधले रबरी बुश झिजून नुसता भुगा उरला होता. त्यानं नवे बुश बसवले, दांड्या जुळवल्या, तेल बदललं आणि कुंभारी गावापर्यंत चक्कर मारून आला. गिअर आता एका बोटानं पडत होता.

जुने बुश त्यानं शेठच्या तळहातावर ठेवले. "हे संपून धा वर्सं तरी झाली असतील."

"बघ! दहा वर्षं तो गाडी नासवत होता."

"वयानं झिजत्यात हे. त्यानं कदी सांगितलं न्हाय?"

"सांगायचा की, दर दिवाळीला. कामचोरांची रड कोण ऐकणार?"

"मग त्याच्या हातात गाडी कदी अडली?"

"नाही. मी स्टिअरिंगवर बसायला लागलो तेव्हापासूनच..." शेठनी तळहातावरचे बुश उलटेपालटे करून पाहिले.

सिद्धूनं चिंध्यांनी हात पुसले. "नाचता येईना त्याला अंगण वाकडं, शेठ. त्यो धा वर्सं वाकड्याच अंगणात नाचला, आनि मागं बसून तुमाला कळलंसुदिक न्हाय."