आवाजाची फाइल

लाईट गेली तेव्हा फाइल अर्धीच उतरली होती. ऋतुजाच्या कानामागचं यंत्र वायरीनं कॉम्प्युटरला जोडलेलं होतं. पडदा काळा झाला आणि इन्व्हर्टरही दगा देऊन गेला.

लाईट आल्यावर महेश्वरनं यंत्र पोरीच्या कानाला लावून मागनं टाळी वाजवली. तिनं वळून पाहिलं नाही.

"अर्धी फाइल यंत्राला वाचता येत नाही, ताई," तो ऋतुजाच्या आईला, रेश्माला म्हणाला. सोलापुरातल्या त्या दवाखान्यात यंत्रं जुळवायचं काम त्याच्याकडं होतं. "आणि इथली प्रतही बिघडलीय. पुण्याला एक प्रत असते, ती मागवतो."

"न्हाय मिळाली तर?"

"मग पहिल्यापासून जुळवायचं. महिने जातील."

ऋतुजा जन्मापासून बहिरी. लहानपणी ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती या यंत्रावर ऐकायची. कुठला आवाज तिला किती मोठा ऐकू यावा, ते थोडं थोडं करत वर्षानुवर्षं जुळवलेलं होतं. ते सगळं त्या फाइलीत होतं.

पुण्याची प्रत उतरू लागली. मध्येच नेट तुटलं. पुन्हा जोडलं, तेव्हा थांबली होती तिथनंच ती पुढं सरकली. परत तुटलं. महेश्वर न कंटाळता पुन्हा जोडत राहिला.

रेश्मा पडद्याकडं बघत होती. जेऊरला घरी ती दिवसभर पोरीशी बोलत असायची. हा तवा, हे पीठ, ही शेळी. शेजारणी हसायच्या. पोर उठल्यापासून झोपेपर्यंत तिनं कधी यंत्र काढू दिलं नव्हतं. बोलायला शिकवणाऱ्या बाईंचे शब्द ऋतुजा तसेच्या तसे बोलायची. सगळं घर 'हाय' म्हणायचं, ती एकटी 'आहे'.

आता ती रडत असेल म्हणून रेश्मानं वळून पाहिलं. ऋतुजा खिडकीशी बसली होती. हनुवटी तळहातावर, खांदे सैल. खाली चौकात रिक्षांचे हॉर्न चालले होते. तिच्या चेहऱ्यावर त्यातलं काहीच नव्हतं. हा चेहरा रेश्मानं फक्त तिच्या झोपेत पाहिला होता.

"आली," महेश्वर म्हणाला. त्यानं यंत्रातली अर्धी फाइल पुसली, पुण्याची अख्खी घातली, तपासली. "काही गेलं नाही, ताई. लावा तिच्या कानाला."

रेश्माचे डोळे भरून आले. ती यंत्र घेऊन लगबगीनं खिडकीपाशी गेली. ऋतुजानं तिचं मनगट धरलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळं ती जरा मोठ्यानंच बोलली.

"आई, आत्ता नको. थोडा वेळ असंच राहू दे."

का, असं रेश्मानं नुसत्या ओठांनी विचारलं.

"रोज ऐकून ऐकून मी फार दमते."

रेश्मानं स्टूल ओढलं आणि यंत्र मांडीवर ठेवून ती तिच्याशेजारी बसली. रस्त्यावरची नजर न काढता ऋतुजा म्हणाली, "तुला वाईट वाटेल म्हणून आधी कधी बोलले नाही."