चहा प्यालेलं रक्त

बाईच्या रक्तात मरणाचं साल वाचणाऱ्या साहेबांनो, ती सकाळी काय पिऊन आली होती, एवढं विचारायची अक्कल तुम्हाला झाली नाही!

सुंदरा माळीच्या आरोग्य कार्डावर रक्तपाहणीतून आलेला ‘पन्नाशी गाठणार नाही’ असा लाल शेरा होता, म्हणून अनाथाश्रमातली चिंगी तिला चार वर्षं दत्तक मिळत नव्हती. वीस वर्षं चाललेल्या त्या रक्तपाहणीच्या माहितीतल्या चुका संशोधकांसाठी काढून टाकायचं काम करणाऱ्या अस्मिताला उपाशीपोटीच्या एका नमुन्यात साखरेबरोबर चहाचा अंश दिसला. नमुना कुणाचा, ते नाव उघडायला बंदी होती. तिनं ते उघडलं आणि सुंदराला फोन लावला.

“मावशी, रक्त द्यायच्या आधी काही खाल्लं होतं?”

“छ्या! नुसता गुळाचा चहा. रांगेतल्या समद्याच प्यालो, थंडी काय कमी होती? चहा म्हंजे खाणं व्हय गं?”

अस्मितानं चहातल्या गुळानं वाढलेली साखर वजा करून आयुष्याचं गणित पुन्हा मांडलं. लाल शेरा गेला.

“मावशी, ऐंशीपर्यंत कुठं जात नाही तुम्ही!”

सुंदरा हसता हसता रडायलाच लागली. मग डोळे पुसून म्हणाली, “उद्याच आणते पोरीला. पण चार वर्षं ती माझ्याविना ऱ्हायली, ती कुणाच्या सहीनं? त्याचं नाव सांग.”