केशरबाईचा कप

अमरावतीच्या डॉक्टरांनी केशरबाईला आणि तिच्या मुलाला, संघपालला, समोर बसवून समजावलं. "कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी बारीक बारीक पिशव्या सोडतात. त्यांतला आरएनए म्हणजे गाठीचा निरोपच. तो रक्तातून पुढे जातो आणि दुसऱ्या अवयवात तिच्यासाठी आधीच जागा करून ठेवतो. पण हे सगळं शरीराच्या आत. एकाचं दुसऱ्याला लागत नाही."

संघपाल शाळेत विज्ञान शिकवायचा. त्यानं समजल्यासारखी मान डोलावली आणि परतीच्या एसटीतून बायकोला फोन केला.

केशरबाई पातूरला घरी पोचली, तेव्हा बाहेरच्या भिंतीतला कोनाडा रिकामा करून, पुसून तयार होता.

"आई, तुमचा कप आता तुमीच विसळून इथं ठेवत जा," सून म्हणाली.

"काहून? डॉक्टर तं म्हने, लागत नाही."

"लागत नाही माय," संघपाल तिच्याकडे न बघता म्हणाला, "पण घरात लेकरं आहेत."

चहा पिऊन केशरबाईनं कप विसळला आणि कोनाड्यात उपडा घातला. कसा ठेवायचा ते तिला सांगावं लागलं नाही. तिच्या लहानपणी तिच्या बापाचा कप असाच बाहेरच्या कोनाड्यात उपडा असायचा. पण ते घर पाटलाचं होतं.